सर्व्हरची कामं वाटणं आणि सर्व्हरला जोडीदार देणं: दोन्ही एक नव्हेत

गाळप हंगाम तोंडावर आला की मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांच्या संगणक विभागात एक समजूत पक्की असते: ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) तीन सर्व्हरवर टाकलं, आता एक बंद पडला तरी दोन चालतील. असं होत नाही. तीन सर्व्हर कसे लावलेत, यावर ते ठरतं.

ऊस तोलायच्या काट्यावर एक माणूस आणि ऊसबिलाला दुसरा, ही विभागणी. काट्यावरच दोन माणसं, ही जोडी. विभागणीत एका सर्व्हरवर डेटाबेस, दुसऱ्यावर ईआरपीचं अ‍ॅप्लिकेशन, तिसऱ्यावर अहवाल. कुणीच कुणाची जागा घेत नाही. जोडीत मात्र तेच काम करणारे दोन अ‍ॅप सर्व्हर असतात आणि पुढे उभा असलेला लोड बॅलन्सर ठरवतो, कोणाकडे पाठवायचं.

हिशेब करून पाहा. प्रत्येक सर्व्हर 99 टक्के वेळ चालू राहतो असं धरा, म्हणजे वर्षात साडेतीन-पावणेचार दिवस बंद. अ‍ॅप आणि डेटाबेस वेगळे केले की दोन्ही एकाच वेळी चालू हवेत: 98.01 टक्के, म्हणजे बंदचे दिवस सव्वासात. तेच दोन सर्व्हर एकमेकांना पर्याय असतील तर 99.99 टक्के, वर्षात तासाभरापेक्षा कमी बंद. अर्थात दोघांचे बिघाड स्वतंत्र असतील तरच. दोन्ही एकाच यूपीएसवर आणि एकाच स्विचवर असतील तर हा आकडा कागदावरच राहतो.

मग विभागणी करायची कशाला? भारासाठी. पंधरवड्याची ऊसबिलं काढताना मेमरी आणि डिस्क दोन्ही अडकतात, तेव्हाच काट्यावरची पावती रेंगाळते आणि बाहेर ट्रॅक्टरची रांग वाढते. जड अहवाल डेटाबेसच्या वेगळ्या, फक्त वाचायच्या प्रतीवर नेले की काटा मोकळा होतो. पण डेटाबेस लांब नेऊ नका. एका स्क्रीनमागे डेटाबेसकडे 2000 क्वेरी, म्हणजे माहितीच्या विचारणा, जात असतील आणि प्रत्येक फेरीला अर्धा मिलिसेकंद लागत असेल, तर जाण्यायेण्यातच 1 सेकंद जातो. तोच डेटाबेस दुसऱ्या शहरात ठेवला आणि फेरी 20 मिलिसेकंदांची झाली, तर 40 सेकंद. लोक इंटरनेटला दोष देतात, खरं दुखणं हे असतं.

डेटाबेस हलवताना पोस्टग्रेस (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) मुळात फक्त स्वतःच्याच मशीनवरच्या जोडण्या ऐकतो, हे ध्यानात ठेवा. ती सेटिंग बदलून त्याचं दार, म्हणजे पोर्ट 5432, फक्त अ‍ॅप सर्व्हरच्या आयपीला उघडा, सगळ्या नेटवर्कला नाही.

जोडी लावताना मात्र जास्त काळजी लागते. लॉगिनची नोंद एका सर्व्हरच्या डिस्कवर असेल तर दुसऱ्याकडे गेलेला माणूस बाहेर फेकला जातो, म्हणून ती डेटाबेसमध्ये किंवा रेडिसमध्ये (मेमरीत नोंदी ठेवणारा वेगवान साठा) ठेवा. जोडलेल्या फायली दोघांना दिसतील अशा एकाच साठ्यावर हव्यात. रात्री आपोआप चालणारी कामं एकाच सर्व्हरवर चालू ठेवा, नाहीतर एकाच शेतकऱ्याला दोन एसएमएस जातात. पोस्टग्रेसची जोडण्यांची मर्यादा मुळात 100 असते. दोन अ‍ॅप सर्व्हर प्रत्येकी 60 मागू लागले की गर्दीच्या वेळीच नकार सुरू होतात.

डेटाबेसची जोडी सगळ्यात अवघड. मधलं नेटवर्क तुटलं की दोघेही स्वतःला मुख्य समजून पावत्या लिहू शकतात, आणि मग त्या जुळवणं फार क्लेशाचं. म्हणून मुख्य कोण याचा कौल द्यायला तिसरं, छोटं का होईना, मशीन हवं. आणि प्रतिकृती, म्हणजे सतत जुळत राहणारी दुसरी प्रत, हा बॅकअप नव्हे: चुकून पुसलेली नोंद क्षणात दुसरीकडूनही पुसली जाते.

बॉयलर पेटण्याआधी, काटा रिकामा असताना, मुख्य डेटाबेसची नेटवर्क केबल काढून पाहा. पावती पुन्हा किती सेकंदांनी निघाली, ते घड्याळ लावून लिहून ठेवा.