पाटीवरच्या गुबगुबीत अक्षरांची पार्श्वभूमी

वडशाच्या झाडीपट्टी नाटकांची जाहिरात, शंकरपटाचा (बैलांच्या शर्यतीचा) फ्लेक्स, कृषी केंद्राची पाटी: जाड, कोपरे नसलेलं अक्षर विदर्भातल्या गावोगावी भेटतं. ते कॉम्प्युटरनं आणलं असं अनेकांना वाटतं. त्याचं मूळ मात्र ब्रशात आहे.

छापील मराठीचं वळण बोरूचं. बोरूचं टोक तिरपं कापलेलं, म्हणून एक रेघ जाड, दुसरी बारीक, शेवट धारदार. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं (१८६९) हेच वळण सुबक टायपांतून घरोघरी नेलं. रोमन लिपीची वाट वेगळी होती. लंडनच्या कॅस्लन फाउंड्रीनं १८१६ मध्ये सेरिफ (अक्षराच्या टोकाला काढलेली छोटी आडवी रेघ) नसलेला टाइप नमुन्यात दाखवला, आणि १९७९ मध्ये फोक्सवागनसाठी गोल टोकांचा व्हीएजी राउंडेड तयार झाला. देवनागरीला मुळात सेरिफच नाहीत. म्हणून आपल्याकडे ‘सॅन्स’ (सेरिफविना) म्हणजे जवळपास एकाच जाडीची रेघ.

खरबरीत भिंतीवर अशी रेघ सोपी जाते. चौकोनी टोकाला दोन कोपरे वेगळे काढावे लागतात. गोल टोक ब्रश वळवला की झालं. पेंटर आधी सुटलेला चुना खरवडतो, नाहीतर ऑइल पेंट पापुद्र्यासकट निघतो. मग निळीत भिजवलेल्या दोरीनं शिरोरेषा मारायची आणि वर वेलांटी-मात्रांसाठी अक्षराच्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी जागा सोडायची. १२ इंची अक्षराला २ इंच जाडी पेलते. ३ इंच केली की ‘क्ष’, ‘ष’, ‘ण्ठ’ यांची पोटं बुजतात आणि लांबून नुसता डाग दिसतो. शिरोरेषा उभ्या कान्यापेक्षा जराशी बारीकच हवी, कारण आडव्या रेघा एकावर एक येतात आणि उंची खातात.

नेमका हाच प्रश्न मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं फॉन्टमध्ये सोडवला. त्यांच्या ‘मोदक’मध्ये पोकळ्या उरल्याच नाहीत, फक्त पांढऱ्या चिरा आहेत, म्हणून तो एक-दोन शब्दांपुरताच वापरावा. त्यांचाच ‘बलू’ जास्त कामाचा. ‘बलू २’मध्ये रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच वजनं (जाडीचे प्रकार) मिळतात आणि दोन्ही फॉन्ट मोफत आहेत.

तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे अजूनही जुन्या, युनिकोडपूर्व (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या) फॉन्टच्या फायली असतात. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की ‘कृषी’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला होतो, म्हणून फाइल देण्याआधी मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टशिवाय दिसणाऱ्या नुसत्या आकारांत बदलावा. जाड वजन नसेल तर आउटलाइन देऊन अक्षर फुगवतात. ती रेघ पोकळीतही शिरते, शिवाय आउटलाइनचे कोपरे गोल केले नाहीत तर टोकांना खिळे फुटतात.

फॉन्ट निवडताना ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द टाइप करून बघावा. ‘ऱ्या’ऐवजी ‘र्या’ उमटला, तर तो फॉन्ट मराठी पाटीच्या कामाचा नाही.