कोरियन एम.ए.चा स्टडी प्लॅन आमच्याकडे देण्याआधी एवढं वाचा

"कोरियन भाषा-संस्कृतीत एम.ए. करायचंय, स्टडी प्लॅन लिहून द्याल का?" जानेवारी उजाडला की असे फोन सुरू होतात. आम्ही विचारतो, "विभाग कोणता?" पलीकडून उत्तर येतं, "कोरियनचाच." गाडी अडते ती इथेच, आणि तुमचे-आमचे मिळून आठ-दहा दिवस जातात. म्हणून हे माहितीपत्रक. (स्टडी प्लॅन म्हणजे काय शिकायचं आणि का, हे सांगणारा अर्जातला मजकूर.)

कोरियातल्या विद्यापीठांत 'कोरियन' शिकायला जाण्याची तीन वेगळी दारं आहेत.

पहिलं कुगॉ-कुङमुन, म्हणजे तिथल्या लोकांच्या दृष्टीनं 'आपली भाषा आणि साहित्य'. आपल्याकडे मराठीच्या एम.ए.ला एखादा जर्मन मुलगा येऊन बसावा, तशी तुमची तिथे अवस्था असते. वर्गातली बहुतेक मुलं कोरियन, विषय व्याकरण, भाषेचा इतिहास, जुनं आणि नवं साहित्य. जुनं साहित्य घ्यायचं तर हांजा, म्हणजे चिनी अक्षरं, वाचता यायलाच हवीत.

दुसरं हान्गुगॉ-ग्योयुक, परभाषकांना कोरियन शिकवण्याचं शास्त्र. 'कुगॉ' आणि 'हान्गुगॉ' या दोन्ही शब्दांचा अर्थ कोरियन भाषाच, पण पहिला घरातल्या माणसाचा आणि दुसरा तीच भाषा बाहेरून पाहणाऱ्याचा. शिक्षक व्हायचं असेल तर तुमचं दार हे.

तिसरं हान्गुखाक, कोरिया-अभ्यास. यात इतिहास, समाज, धर्म, कला येतात. इव्हा आणि योन्से या सोलमधल्या विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या विभागांत तो इंग्रजीतून करता येतो. सोलजवळच्या सोंगनाम शहरात अकॅडमी ऑफ कोरियन स्टडीजचं पदव्युत्तर विद्यालय 1980 पासून आहे, आणि जोसॉन राजघराण्याची कागदपत्रं जपणारं जांगसॉगाक हे ग्रंथालय त्याच आवारात आहे. इतिहासाची खरी ओढ असणाऱ्यांना आम्ही हे नाव आवर्जून सुचवतो.

आता चूक कुठे होते ते सांगतो. कोरिया सरकारच्या जीकेएस स्कॉलरशिपला दूतावासामार्फत अर्ज केला तर तीन विद्यापीठं निवडता येतात, पण स्टडी प्लॅन तिन्हींकडे एकच जातो. मुलं विद्यापीठांची नावं पाहून निवड करतात, विभाग नंतर भरतात. मागे एका मुलीनं असंच केलं. एका विद्यापीठात कुगॉ-कुङमुन, दुसऱ्यात हान्गुगॉ-ग्योयुक, तिसऱ्यात हान्गुखाक. प्लॅन होता भारतात कोरियन शिकवण्याविषयी. साहित्याच्या प्राध्यापकानं तो वाचून काय करावं? शेवटी विद्यापीठं बदलली, प्लॅन नव्यानं लिहिला, शिफारसपत्रंही पुन्हा मागवावी लागली. अर्ज वेळेत गेला, पण शेवटच्या दिवशी. तेव्हापासून विभाग ठरल्याशिवाय आम्ही काम हातात घेत नाही.

आमची दुसरी अट अनेकांना खटकते. आम्ही आधी तुमच्याकडून मराठीत दोन पानं मागतो. "पैसे देतोय, मग लिहायचं आम्हीच का?" असं लोक विचारतात. कारण इंग्रजीत लिहायला बसलं की प्रत्येकाच्या कागदावर 'दोन देशांमधील सांस्कृतिक पूल' हेच उतरतं. मराठीत लिहिताना माणूस स्वतःचं काहीतरी सांगून जातो. एकानं सहज लिहिलं होतं की आजोबा कीर्तन करायचे आणि पानसोरी, म्हणजे ढोलाच्या साथीनं गाऊन कथा सांगण्याचा कोरियन प्रकार, पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यांचीच आठवण झाली. पानसोरीत गायक गाता गाता मध्येच थांबून बोलू लागतो. त्या बोलण्याला आनिरी म्हणतात. ढोलकवाला मधूनमधून दाद देतो. आनिरी आणि कीर्तनातलं निरूपण यांची तुलना, हा त्याचा विषय त्या दोन पानांतूनच निघाला.

भाषेकडे ओढा असेल तर हे पाहा: 'मी काल वाचलेलं पुस्तक'. कोरियनमध्ये 'नेगा ऑजे इल्गन छेक'. मी, काल, वाचलेलं, पुस्तक. शब्दांचा क्रम जसाच्या तसा. इंग्रजीत हीच रचना उलटी फिरते. मराठी मुलांना इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून कोरियन शिकवताना या जवळिकीचा फायदा हातचा जातो का, हा हान्गुगॉ-ग्योयुकसाठी चांगला विषय आहे. तो तुमच्या रोजच्या बोलण्यातच आहे, फक्त नीट मांडायला हवा. ते काम आमचं.

नेहमीचे दोन प्रश्न. टॉपिक, म्हणजे कोरियन भाषेची परीक्षा, दिलेली नसली तरी जीकेएसला अर्ज करता येतो. आधी भाषेचं वर्ष असतं आणि एम.ए. सुरू करण्यासाठी टॉपिकची तिसरी लेव्हल गाठावी लागते. पाचवी किंवा सहावी असेल तर ते वर्ष वाचतं. निकाल दोनच वर्षं चालतो, तारीख बघा. आणि कृपा करून पदवी प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. अपोस्टिलचा, म्हणजे कागदपत्र परदेशात ग्राह्य धरावं म्हणून सरकार देतं त्या प्रमाणीकरणाचा, स्टिकर कागदावर चिकटवावा लागतो, प्लॅस्टिकवर तो लावत नाहीत.

पहिली भेट अर्ध्या तासाची, विनामूल्य. भाषांतर, संपादन आणि कागदपत्रांची तपासणी यांचे दर तेव्हाच लेखी देतो, नंतर वाढवत नाही. येताना पासपोर्ट, मार्कशीट आणि ती दोन पानं आणा. हातानं लिहिलेली, खाडाखोड केलेली असली तरी चालतील.