वाणीसंयम (ख्रिस्ती परंपरा)

वाणीसंयम : ख्रिस्ती धर्मजीवनातील एक नित्य आचरण. निंदा, चहाडी, खोटी साक्ष, शिवीगाळ व वायफळ बोलणे टाळावे, हा त्याचा सर्वपरिचित अर्थ. मात्र मूळ ग्रंथांत या आचरणाला दुसरेही अंग आहे. ज्या जिभेने मन दुखावते तिनेच ते बरेही होते, म्हणून जिभेची राखण आणि मनाची जखम भरणे हे विषय तेथे सहसा एकत्र येतात. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात हे स्पष्ट दिसते. जो स्वतःला धार्मिक समजतो पण जिभेला लगाम घालत नाही त्याची धार्मिकता व्यर्थ, असे पहिल्या अध्यायात सांगितले आहे (१:२६). तर बरे व्हायचे असेल तर एकमेकांजवळ आपली पापे बोलून दाखवा, असे पाचव्यात (५:१६). तोंड आवरण्याची आणि उघडण्याची आज्ञा एकाच पत्रात आहे. पुढील काळात पहिल्या आज्ञेवर जेवढे लिहिले गेले, तेवढे दुसरीवर नाही.

पूर्वपीठिका : जुन्या करारातील नीतिसूत्रांत वाणीविषयक वचने विपुल आहेत. मरण आणि जीवन जिभेच्या हाती (१८:२१), अविचारी बोलणे तलवारीच्या घावासारखे व सुज्ञांची जीभ आरोग्यदायी (१२:१८), मृदू उत्तराने राग निवळतो (१५:१), ही त्यांतील प्रसिद्ध. या ग्रंथातील २२:१७ पासूनचा भाग ‘आमेनेमोपेची शिकवण’ या ईजिप्शियन ग्रंथाशी जुळतो, हे आडोल्फ एर्मान याने १९२४ मध्ये दाखवून दिले. ईजिप्शियन ग्रंथ सामान्यतः इ. स. पू. तेरावे ते अकरावे शतक या काळातील मानला जातो. त्यात ‘तापट मनुष्य’ आणि ‘शांत मनुष्य’ यांची जोडी वारंवार येते. हिब्रू ग्रंथावरून ईजिप्शियन ग्रंथ झाला, असा उलट दिशेचा दावाही झाला होता. त्याला फारसे अनुयायी मिळाले नाहीत. ऋण कितपत थेट आणि कितपत समान वातावरणातून आलेले, एवढाच वाद आता उरला आहे.

नीतिसूत्रे १५:४ मधील ‘मार्पे लाशोन’ या शब्दांचा अर्थ प्रस्तुत विषयाला विशेष जवळचा आहे. ‘मार्पे’ हा शब्द ‘बरे करणे’ या धातूपासून घेतला, तर ‘जखम भरणारी जीभ’ असा अर्थ होतो. ‘सैल पडणे, शांत होणे’ या जवळच्या धातूशी त्याचा संबंध जोडला, तर ‘सौम्य जीभ’. काही आधुनिक हिब्रू कोश याचे दोन स्वतंत्र शब्द मानतात आणि हे वचन दुसऱ्याखाली घालतात. १२:१८ मध्ये मात्र तलवारीचा घाव समोरच असल्याने तेथे ‘आरोग्य’ हाच अर्थ निःसंशय आहे. त्याच्या जोरावर १५:४ मध्येही तो ऐकू येत असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सौम्यतेनेच जखम भरते, हे त्या सूत्रकाराला वेगळे सांगावे लागले नसते.

बेन सिराखच्या ग्रंथात (सु. इ. स. पू. १८०, कॅथलिक व ऑर्थोडॉक्स यांना मान्य, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही) चाबकाने वळ उठतो, जिभेने मात्र हाडे मोडतात, असे म्हटले आहे (२८:१७). मराठीत जिभेला हाड नसते म्हणतात, तेव्हा तिच्या सैलपणावर बोट असते. सिराखचे लक्ष समोरच्याच्या हाडांकडे आहे.

शुभवर्तमानांत येशूने बोलण्याचा उगम अंतःकरणात सांगितला : हृदयात जे भरून वाहते तेच मुखावाटे निघते. लगेच पुढे, न्यायाच्या दिवशी प्रत्येक ‘निरर्थक’ शब्दाचा जाब द्यावा लागेल, असे वचन येते (मत्तय १२:३४–३६). येथील ग्रीक विशेषण ‘आर्गोन’ म्हणजे शब्दशः ‘काम न करणारा’. त्यातून थट्टामस्करीही निषिद्ध ठरवणारे कठोर नीतिकार पुढे झाले. परंतु संदर्भ पाहता रोख दुष्टपणे केलेल्या आरोपावर आहे.

याकोब ३:१–१२ : या विषयाचा हा मुख्य उतारा. घोड्याच्या तोंडातील लगाम, मोठ्या नौकेचे लहानसे सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी, गोड्या व खाऱ्या पाण्याचा झरा अशा प्रतिमांची त्यात रांग लागते. पहिल्या तिन्ही प्रतिमा ग्रीक नीतिवाङ्मयात रुळलेल्या होत्या. नौका आणि ठिणगी प्लूटार्कच्या वाचाळपणावरील निबंधातही आहेत. लेखक म्हणून येशूचा भाऊ याकोब याचे नाव परंपरेने घेतले जाते. जोसीफसच्या इतिहासावरून त्याचा वध इ. स. ६२ च्या सुमारास झाला. लेखकत्व मान्य केल्यास पत्र त्याआधीचे ठरते. पत्राची सफाईदार ग्रीक पाहून अनेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरीस नेतात. चौथ्या शतकाच्या आरंभी युसीबियसने ते विवाद्य ग्रंथांत घातले होते. लूथरने १५२२ मध्ये त्याला ‘गवताचे पत्र’ म्हणून खाली बसवले. पण त्याचे कारण श्रद्धा व कर्म यांविषयीचा वाद होता, जिभेवरील उताऱ्याला त्याचा आक्षेप नव्हता.

सर्वांत अधिक चर्चा सहाव्या वचनावर झाली आहे. जीभ ‘ट्रोखोस तेस गेनेसेओस’ पेटवते आणि स्वतः गेहेन्नातून (यरुशलेमजवळील हिन्नोम खोऱ्यावरून आलेले नरकाचे नाव) पेटते, असे तेथे आहे. पहिली अडचण उच्चाराची. ‘ट्रोखोस’मधील आघात शेवटच्या अवयवावर घेतला तर ‘चाक’, पहिल्यावर घेतला तर ‘धाव, मार्गक्रमण’. प्राचीन हस्तलिखितांत आघातचिन्हे नसत. दुसरी अडचण ‘गेनेसिस’ची : जन्म, उत्पत्ती, अस्तित्व, निसर्गदत्त जीवन यांपैकी काहीही. ‘जन्माचे चाक’ असा सरळ अनुवाद केला तर मराठी वाचकाच्या मनात पुनर्जन्म येणार. एकोणिसाव्या शतकापासून काही यूरोपीय पंडितांच्या मनातही तोच आला. आत्मा जन्मांच्या फेऱ्यात अडकतो, अशी प्राचीन ग्रीसमधील ऑर्फिक पंथाची कल्पना होती आणि ग्रीक तत्त्वज्ञ सिंप्लिकियसच्या लेखनात ‘नियती व जन्म यांचे चाक’ हा प्रयोग आढळतो. पण सिंप्लिकियस सहाव्या शतकातील, म्हणजे पत्रानंतर सुमारे पाचशे वर्षांचा. जेम्स हार्डी रोप्स याने १९१६ च्या भाष्यात हा संबंध नाकारला. मार्टिन डिबेलियसने १९२१ मध्ये मधला मार्ग काढला : शब्दप्रयोग मुळात त्या वर्तुळातला असेल, पण याकोबापर्यंत येईतो तो घासून गुळगुळीत झाला आणि ‘आयुष्याचे चढउतार’ एवढ्याच अर्थाने लोकांच्या तोंडी होता.

डिबेलियसचे मत आज बहुधा अधिक स्वीकारले जाते. त्याला पत्रातूनच आधार मिळतो. १:२३ मध्ये आरशात पाहणाऱ्याच्या ‘जन्मजात चेहऱ्या’साठी हाच ‘गेनेसिस’ शब्द योजला आहे आणि तेथे पुनर्जन्माचा मागमूसही नाही. सिनाई हस्तलिखिताने (बायबलची चौथ्या शतकातील ग्रीक प्रत) ‘आमच्या’ हा शब्द जोडून ‘आमच्या जन्माचे चाक’ असे वाचले. व्हल्गेट हा लॅटिन आणि पेशित्ता हा सिरियाक अनुवाद, यांतही तो आहे. अवघड वाक्य आपल्या घरगुती आयुष्याशी बांधण्याची गरज प्राचीन लेखनिकांनाही वाटली, असे यावरून दिसते. एक कटू शब्द त्या क्षणापुरता न राहता माणसाचे उभे आयुष्य धुमसत ठेवतो, हा अर्थ वाद कोणत्याही बाजूने सुटला तरी टिकतो.

मठपरंपरा : ईजिप्तच्या वाळवंटातील चौथ्या-पाचव्या शतकांतील तपस्व्यांच्या आख्यायिका पाचव्या शतकाच्या अखेरीस किंवा सहाव्याच्या प्रारंभी एकत्र झाल्या असाव्यात. आगाथोनने मौन साधेपर्यंत तीन वर्षे तोंडात खडा धरला, असे त्यांत आहे. पांबोची गोष्ट इतिहासकार सॉक्रेटीस (पाचवे शतक) सांगतो. निरक्षर पांबो एकाकडे स्तोत्र शिकायला गेला. ‘मी जिभेने पाप करू नये म्हणून आपल्या मार्गांस जपेन’ ही ३९ व्या स्तोत्राची ओळ ऐकताच तो उठला : एवढी साधली तरी पुरे. सहा महिने फिरकला नाही म्हणून शिक्षकाने टोकले, तेव्हा ओळ अजून आली नाही, असे त्याने सांगितले. पुढे दुसऱ्या कोणी विचारल्यावर, एकोणीस वर्षांत जेमतेम जमली, असे उत्तर दिले.

पोइमेनचे वचन अधिक मार्मिक आहे. एखादा गप्प दिसतो, पण मनातल्या मनात इतरांना दोष देत असतो; तो अखंड बडबडतच आहे. दुसरा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलतो आणि तरी मौन पाळतो, कारण उपयोगाचे नसलेले तो काही बोलत नाही. याच वर्तुळातील इव्हाग्रियसने (३४५–३९९) क्रोध, खिन्नता व ‘आकेदिया’ (साधनेचा उबग) यांचा आठ ‘विचारां’त समावेश करून आतल्या बोलण्याचे जणू निदानशास्त्रच रचले. प्रत्येक विचाराला तोंड देण्यासाठी उच्चारायची शास्त्रवचनेही त्याने संकलित केली.

बेनेडिक्टच्या नियमावलीचा (सु. ५३०–५४०) सहावा अध्याय पांबोच्याच ओळीने सुरू होतो. तेथील ‘टॅसिटुर्निटास’ म्हणजे निःशब्दता नव्हे, तर कमी बोलण्याची वृत्ती. रात्रीच्या अखेरच्या प्रार्थनेनंतरचे पूर्ण मौन ४२ व्या अध्यायात वेगळे येते. हा मजकूर ‘गुरूची नियमावली’ या अनामिक व बऱ्याच लांब ग्रंथाचा संक्षेप आहे, असे मत १९३० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आले. आधी ते धक्कादायक वाटले. आता बहुतेकांनी मान्य केले आहे. क्लूनीच्या मठात मौनकाळासाठी हातांच्या खुणांची भाषाच तयार झाली. ट्रॅपिस्ट (बेनेडिक्टची नियमावली कडकपणे पाळणारा संघ) संन्यासी मौनव्रताची शपथ घेतात, हा समज चुकीचा आहे. तशी शपथ त्यांच्यात नाही. १०८४ मध्ये स्थापन झालेल्या कार्थुझियन संघात तर आठवड्यातून एकदा लांबवर चालत जाऊन मोकळेपणी बोलण्याचा प्रघात आहे.

जिभेच्या पापांचे वर्गीकरण : डॉमिनिकन संन्यासी गिल्येल्मुस पेराल्डुस याने तेराव्या शतकात सात प्रमुख दुर्गुणांना जिभेचे पाप हे आठवे जोडून त्याचे २४ प्रकार केले. टॉमस अक्वाइनसने (१२२५–१२७४) संख्या कमी ठेवली आणि हेतूकडे पाहिले. तोंडावर केलेला अपमान मान हिरावतो, पाठीमागची निंदा नाव बिघडवते, तर कानाशी लागून केलेली लावालावी मैत्री तोडते. यांत लावालावी ही निंदेहून वाईट, कारण त्याच्या मते मित्र हा मानमरातबापेक्षा मोठा ठेवा आहे. खरे पण विनाकारण उघड केलेले दोष आणि धादांत खोटा आळ यांतील भेद कॅथलिक नीतिशास्त्राने पुढे कायम ठेवला. ‘खरे तेच तर बोललो’ ही सबब त्यामुळे चालत नाही.

चहाडी करणाऱ्या एका बाईला शिक्षा म्हणून वाटेने कोंबडीची पिसे उपटत यायला लावले आणि मग ती सारी गोळा करून आणायला सांगितले, ही कथा फिलिप नेरीच्या (१५१५–१५९५) नावावर खपते. ज्यू परंपरेत ती उशीतल्या पिसांसह सांगतात. मूळ कोणाचे ते ठरवता येत नाही. अशा कथा नामांकित माणसाला शोधत जातात.

दैनंदिन साधना : लोयोलाच्या इग्नेशियसच्या साधनाक्रमाला (पोपची मान्यता १५४८) येथे महत्त्व आहे. विचार, शब्द व कृती अशी रोजची उजळणी त्यात आहे. एकाच दोषावर लक्ष ठेवायचे असेल तर तो घडताच हात छातीला लावायचा. चारचौघांतही ते कोणाच्या ध्यानात येत नाही. दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर तासातासाचा हिशेब करून कागदावरील त्या दिवसाच्या दोन रेघांवर तेवढे ठिपके द्यायचे. सात दिवसांच्या रेघा उत्तरोत्तर आखूड काढलेल्या असतात, कारण ठिपकेही कमी होत जावेत ही अपेक्षा. प्रॉटेस्टंटांत जॉन वेस्लीने मत्तय १८:१५–१७ च्या आधारे ज्याचा दोष त्यालाच, एकांतात, सांगण्याचा नियम घातला. एकमेकांविषयीचे वाईट ऐकून घ्यायचे नाही, असा करार त्याने व त्याच्या प्रवचनकारांनी १७५२ मध्ये सह्या करून केला. डीट्रिख बोनहोफरने फिंकेनवाल्डच्या धर्मशिक्षणकेंद्रात (१९३५–३७) गैरहजर सहाध्यायाविषयी न बोलण्याचा नियम लावला. बोलून गेल्यास त्याला जाऊन सांगायचे, हा नियमाचा उत्तरार्ध अधिक कठीण ठरत असावा.

मनाचे आरोग्य : वाणीसंयम म्हणजे दुःख गिळणे, असा गैरसमज श्रद्धावंतांतही आढळतो. बायबलमधील पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. स्तोत्रसंहितेचा सुमारे एक-तृतीयांश भाग विलापाचा असून ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, दिलासा न देता. ईयोबचे मित्र सात दिवस-रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. त्यांचे चुकले ते तोंड उघडल्यावर. शेवटी देवाचा रोष होतो तो त्यांच्यावर, आक्रोश करणाऱ्या ईयोबवर नव्हे (४२:७). मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूत उपदेश करत नाही. तो त्याला भाकर व पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला लावतो (१ राजे १९).

विसाव्या शतकात या सामग्रीला मानसशास्त्राची जोड मिळाली. स्वतः मनोविकारातून गेलेल्या अँटन बोइसनने (१८७६–१९६५) १९२५ मध्ये अमेरिकेतील वूस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण सुरू केले. रुग्णाला ‘जिवंत मानवी दस्तऐवज’ मानून ऐकावे, ही त्याची भूमिका. ॲग्नेस सॅनफर्डपासून (१८९७–१९८२) ‘आठवणींचे आरोग्य’ हा प्रार्थनाप्रकार पसरला. जुना प्रसंग कल्पनेत उभा करून तेथे ख्रिस्ताची उपस्थिती अनुभवणे, हा त्याचा गाभा. त्यात बायबलपेक्षा कल्पनाविहार जास्त, अशी टीका प्रामुख्याने इव्हँजेलिकल लेखकांनी केली. याहून वेगळा प्रवाह ‘सकारात्मक कबुली’चा : आजार शब्दाने नाकारला की तो जातो, असे मानणारा. त्याचा उगम एसेक विल्यम केन्यन (१८६७–१९४८) यांच्यामार्फत, विचारांच्या बळावर आजार बरा होतो असे मानणाऱ्या ‘न्यू थॉट’ चळवळीत शोधला जातो. ते मत सर्वमान्य नाही. विलापाला त्यात जागा उरत नाही, हे मात्र खरे.