संतांच्या घरावर स्मृतिफलक लावायचाय? गोव्यात अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी वाचा

संत जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीला, आजोळी झाला. वडिलांचं घर सांकवाळला. अशा वेळी कोणत्या भिंतीवर काय लिहायचं? बहुतेक अर्ज परत येतात ते फलकावरच्या या एका वाक्यापायी. बाप्तिस्म्याची नोंद चर्च आणि आई-बापाची नावं सांगते, घर सांगत नाही. तिची नक्कल जोडून 'या घरात जन्मले' असं लिहिलंत की पहिला आक्षेप ठरलेला. शिवाय साडेतीनशे वर्षांत घर किती वेळा नव्याने बांधलं गेलं असेल! 'या जागी त्यांचं घर होतं' असा मजकूर ठेवा आणि कागदांतून तेवढंच सिद्ध करा.

हिंदू संतांच्या बाबतीत तर नोंदवहीच नसते. सोहिरोबानाथ आंबिये यांचं नाव गोव्यातल्या पालयेशीही जोडलेलं आहे आणि सीमेपलीकडच्या बांद्याशीही. तिथे घराण्याची, देवस्थानाची जुनी कागदपत्रं शोधावी लागतात, आणि ती मोडीत किंवा पोर्तुगीजमध्ये असली तर भाषांतरही जोडावं लागतं.

पदवीही तपासून घ्या. हणजुण्याचे फादर आग्नेल अजून 'पूज्य' आहेत, त्यांना 'संत' म्हणता येत नाही. जोसेफ वाझ यांना संतपद मिळालं ते १४ जानेवारी २०१५ रोजी.

अर्ज कुठे द्यायचा, हे तुलनेने सोपं आहे. खासगी घर असेल तर पंचायत, शहरात पालिका. वास्तू राज्याच्या १९७८ च्या कायद्याखाली संरक्षित असेल तर आधी पुरातत्त्व खातं. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. तेव्हा चौथरा बांधून कोनशिला उभारायची असेल तर अंतर मोजूनच बेत करा. अर्ज मराठीतून लिहायला संकोच नको, १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराला जागा आहे.

आता खरी डोकेदुखी: मालकाची संमती. गेल्या पावसाळ्यात एका घराच्या बलकांवात, म्हणजे ओसरीवर बसून आम्ही एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कांचा उतारा वाचत होतो. सात नावं, त्यांतली पाच माणसं वारलेली. घर सांभाळणाऱ्या आजी प्रत्येक नावावर बोट ठेवून कोण कुठे गेलं ते सांगत होत्या. त्यांची एकटीची सही चालली नाही. वारलेल्यांच्या वारसांसाठी इन्व्हेंटरीचे (कोर्टातून झालेल्या वारसांच्या वाटणीचे) किंवा वारसाचे कागद लागले. गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची होते, म्हणून नवरा-बायको दोघांच्या सह्या घ्या. फलक लावणं म्हणजे विक्री नव्हे, हे मलाही कळतं, पण खिडकीवरच्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा दुसरी सही लवकर मिळते. घरात मुंडकार (जमीनमालकाच्या संमतीने तिथे घर करून राहणारा) असेल तर त्यालाही विश्वासात घ्या, त्याला शेवटी विचारू नका.

एक वारस पोर्तुगालमध्ये. तिथून येणाऱ्या मुखत्यारपत्रावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी दाखला) हवं आणि इथे आल्यावर मुद्रांक भरायला हवा. मुदत तीन महिन्यांची, पण ती मोजतात कागद भारतात पहिल्यांदा पोचल्या दिवसापासून, सहीच्या तारखेपासून नव्हे. हे न कळल्यामुळे लोक चांगला कागद बाद समजून दुसरा मागवतात आणि पुन्हा महिने घालवतात. उलट काही जण पोचलेला कागद कपाटात ठेवतात आणि मुदत खरोखरच निघून जाते.

आणि कळकळीने सांगतो, फलक रस्त्याच्या कडेला लावू नका. भाविक पणती ठेवतात, मेणबत्ती लावतात, पुढे कोणी क्रूस किंवा घुमटी उभारतं. सार्वजनिक जागेत नवं अनधिकृत प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे. मग मूळ फलकही काढायची वेळ येते. कुंपणाच्या आत, घराच्याच भिंतीवर लावा.

आजींच्या अर्जात शेवटी कामाला आलं ते लिस्बनहून आलेलं पाकीट. त्यावर इथल्या पोस्टाचा शिक्का स्पष्ट होता, तारीख वाचता येत होती. तुमचंही पाकीट फाडून टाकू नका, मुखत्यारपत्राला टाचून ठेवा.