फुली दाबली तरी प्रोग्रॅम बंद का होत नाही?

विंडोजवरून मॅकवर आलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा ठरलेली असते. डाव्या कोपऱ्यातलं लाल बटण दाबलं, एक्सेलची विंडो गेली, पण खाली डॉकमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमांच्या चिन्हांच्या पट्टीत, एक्सेलच्या चिन्हाखालचा ठिपका तसाच आणि वरच्या पट्टीवर नावही एक्सेलचंच. शटर ओढलं तरी दुकानात दिवा चालूच, असा प्रकार. मॅकवरून विंडोजवर गेलेला माणूस नेमका उलट कुरकुरतो: एक फाइल बंद करायला गेलो, तर अख्खा प्रोग्रॅमच निघून गेला. लिनक्स या तिसऱ्या प्रणालीवर गेलेल्याची तऱ्हा आणखी निराळी. बटणं डावीकडे असावीत, उजवीकडे असावीत की मुळात असावीतच का, हे तिथे ज्याने त्याने आपलं ठरवायचं.

बटणांची जागा आठवड्याभरात हाताला कळते. जड जातं ते दुसरंच. विंडो कुणाच्या मालकीची, हे या तिन्ही घराण्यांनी वेगवेगळं ठरवलं आणि ते ठरलं १९८० च्या दशकात, आज हास्यास्पद वाटतील अशा यंत्रांवर. ती यंत्रं भंगारात गेली, निर्णय मात्र आपल्या बोटांत राहिले.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे होते. झेरॉक्स कंपनीने १९७० मध्ये तिथे ‘पार्क’ ही संशोधन संस्था काढली आणि १९७३ मध्ये तिथे आल्टो हा संगणक तयार झाला. त्यावर ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही प्रणाली घडवली. टेबलावर कागद एकमेकांवर पडलेले असतात, वरचा दिसतो, खालच्याचा कोपरा डोकावतो, तशाच स्क्रीनवरच्या विंडो. आज हे इतकं सवयीचं आहे की यात कुणी काही शोधून काढलं असेल असं वाटतच नाही. पण स्क्रीनवरचे ठिपके एका जागेवरून दुसऱ्या जागी झटपट हलवण्याची युक्ती डॅन इंगॉल्स यांना त्यासाठी मुद्दाम रचावी लागली होती.

गंमत म्हणजे १९८१ मध्ये झेरॉक्सने स्टार हा संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यात एकमेकांवर चढणाऱ्या विंडो नव्हत्या. फरशा बसवाव्यात तशा त्या शेजारी शेजारी बसत. आल्टो वापरणाऱ्यांचा बराच वेळ एकावर एक आलेल्या विंडो सरकवण्यातच जातो, हे स्टारच्या मंडळींनी पाहिलं होतं. म्हणजे ‘ढीग की फरशी’ हा वाद विंडोइतकाच जुना आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

डिसेंबर १९७९ मध्ये ॲपलची मंडळी पार्क पाहून आली, ही कथा बहुतेकांना माहीत असते. तिचं एक उपकथानक मला जास्त आवडतं. ॲपलच्या बिल ॲटकिन्सन यांची समजूत झाली की वरची विंडो सरकवली की खालच्या विंडोचा झाकलेला भाग तिथे आपोआप भरून येतो. प्रत्यक्षात पार्कमध्ये तसं काही चालत नव्हतं. पण आपण ते पाहिलं आहे, म्हणजे ते होऊ शकतं, या भरवशावर ॲटकिन्सन यांनी ते गणित सोडवलं आणि लिसा व मॅकिंतॉश या दोन्ही संगणकांच्या चित्रकामाचा पाया घातला गेला.

लिसाच्या सुरुवातीच्या आराखड्यांत मेनू ज्याच्या त्याच्या विंडोला चिकटलेला होता. पुढे तो उचलून स्क्रीनच्या माथ्यावर नेला. याचा एक फायदा नंतर वारंवार सांगितला गेला. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार एखाद्या लक्ष्यापर्यंत हात पोचायला लागणारा वेळ त्या लक्ष्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. स्क्रीनच्या कडेला बाण आपोआप अडतो, म्हणून तिथली पट्टी कितीही बारीक असली तरी माउस बेधडक वर फेकता येतो.

माझ्या मते त्याहून मोठा परिणाम वेगळाच झाला. १९८४ च्या मॅकिंतॉशची मेमरी १२८ केबी, स्क्रीन ९ इंची, ठिपके ५१२ बाय ३४२. एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. म्हणजे वरचा मेनू सगळ्या यंत्राचा आणि यंत्रात राहणारा प्रोग्रॅम एकटाच. अशा घरात विंडो म्हणजे प्रोग्रॅमने टेबलावर ठेवलेला कागद. पत्र लिहून झालं की कागद मिटायचा, टेबल आवरायचं नाही. नाहीतर पुढच्या पत्रासाठी तोच प्रोग्रॅम फ्लॉपीवरून पुन्हा उचलला जाईपर्यंत ताटकळत बसावं लागलं असतं. कागद मिटला तरी मेनू वर शाबूत असल्याने नवा कागद मागता येई. लाल बटण दाबूनही एक्सेल का जिवंत राहतं, याचं उत्तर त्या फ्लॉपीपाशी आहे. पुढे १९८७ मध्ये अनेक प्रोग्रॅम एकत्र चालवू देणारं मल्टिफाइंडर आलं, १९९१ च्या सिस्टिम ७ मध्ये एका वेळी अनेक प्रोग्रॅम ही नेहमीची गोष्ट झाली, पण कागद आणि टेबल यांचं नातं बदललं नाही.

मायक्रोसॉफ्टने विंडोजची घोषणा नोव्हेंबर १९८३ मध्ये केली आणि पहिली आवृत्ती २० नोव्हेंबर १९८५ ला आली. हे काम सांभाळायला आणलेले स्कॉट मॅकग्रेगर पार्कमधूनच आले होते. विंडोज १.० मध्ये प्रोग्रॅमच्या विंडो फरशांसारख्या बसत, एक मोठी केली की शेजारची आक्रसे. नको असलेला प्रोग्रॅम चिन्ह होऊन स्क्रीनच्या तळाशी जाऊन बसे. अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी समोर असणार हे इथे पहिल्या दिवसापासून धरलेलं होतं, म्हणून मेनू ज्याच्या त्याच्या विंडोत गेला. त्या एका गोष्टीमुळे पुढचं सगळं ठरलं. मेनू विंडोत असेल, तर विंडो गेल्यावर प्रोग्रॅमशी बोलायची वाटच उरत नाही. बोलता येत नाही असा प्रोग्रॅम मेमरी अडवून बसण्यापेक्षा गेलेला बरा. म्हणून फुली दाबली की खेळ खलास.

डिसेंबर १९८७ च्या विंडोज २.० मध्ये विंडो एकमेकांवर चढू लागल्या, ‘मिनिमाइज’ आणि ‘मॅक्सिमाइज’ हे शब्दही तिथलेच. मार्च १९८८ मध्ये ॲपलने मायक्रोसॉफ्टवर आणि ह्यूलेट-पॅकार्डवर मॅकचं रूप उचलल्याचा खटला भरला. तो १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेंगाळला आणि ॲपल हरली. वादातल्या बहुतेक गोष्टी वापरायची परवानगी ॲपलनेच १९८५ च्या करारात देऊन ठेवली होती, असं न्यायालयाने धरलं.

पण ‘विंडो म्हणजेच प्रोग्रॅम’ हे तत्त्व विंडोजलाही सरळ पाळता आलं नाही. एकाच प्रोग्रॅममध्ये चार फाइली उघडल्या तर काय? त्यावर तोडगा निघाला तो मोठ्या विंडोच्या पोटात छोट्या विंडो ठेवण्याचा. महाराष्ट्रात ज्यांनी एमएस-सीआयटीच्या वर्गात एक्सेल शिकलं, त्यांना उजव्या कोपऱ्यातल्या दोन फुल्या आठवत असतील, एकीखाली एक. खालची फुली फाइलची, वरची एक्सेलची. कोणती दाबायची हे कळेपर्यंत प्रत्येकाने एकदा तरी वरची दाबलेली असते. कीबोर्डवर त्याच दोन फुल्या म्हणजे कंट्रोल-एफ४ आणि ऑल्ट-एफ४. थोडक्यात, मॅकमध्ये कमांड-डब्ल्यू (विंडो बंद) आणि कमांड-क्यू (प्रोग्रॅम बंद) हा जो भेद नव्या माणसाला छळतो, तो विंडोजवाल्याने एकदा शिकून सोडून दिलेलाच आहे. एक्सेलने ती खालची फुली २०१३ च्या आवृत्तीत काढून टाकली, प्रत्येक फाइलला स्वतंत्र विंडो दिली आणि दोन पडद्यांवर दोन फाइली मांडणाऱ्या हिशेबनिसांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

विंडोज ९५ हे या गोष्टीतलं मोठं वळण. ते तयार होत असताना नवख्या लोकांना बसवून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्या विंडोखाली झाकली गेलेली विंडो त्यांच्या लेखी नाहीशीच झालेली असते. मग २४ ऑगस्ट १९९५ ला तळाशी टास्कबार आला, उघडं असलेलं सगळं सतत नजरेसमोर ठेवणारा. उजव्या कोपऱ्यातली फुलीही विंडोजमध्ये याच आवृत्तीपासून. आपल्याकडे शाळा, बँका, डीटीपीची दुकानं आणि पुढे एमएस-सीआयटीचे वर्ग यांतून संगणकाशी ओळख झाली ती बहुतांशी या वळणानंतरच्या विंडोजशी. त्यामुळे उजवीकडची फुली आपल्याला निसर्गनियम वाटते.

तिसरं घराणं, म्हणजे लिनक्सच्या विंडोंचं, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातलं. तिथे ॲथेना प्रकल्पात वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं होती आणि सगळ्यांवर चालेल अशी एक खिडकी-व्यवस्था हवी होती. १९८४ मध्ये रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टिम सुरू केली. आधीच्या व्यवस्थेचं नाव होतं डब्ल्यू, म्हणून ही पुढच्या अक्षराची. आजही चालणारी एक्स ११ ही आवृत्ती १९८७ ची. तिच्या कर्त्यांनी ठरवलं की आपण फक्त साधनं द्यायची, ती कशी वापरायची हे सांगायचं नाही. विंडोला चौकट कोण घालणार, ती हलवणार कोण, कीबोर्ड कुणाकडे जाणार हे सगळं ‘विंडो मॅनेजर’ नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमवर सोडलं. तो पटला नाही तर बदलायचा. वाडा तोच, दिवाणजी नवा.

यातून जी विविधता आली ती कौतुकाची आणि डोकेदुखीचीही. उदाहरणार्थ, माउसचा बाण ज्या विंडोवर असेल तिच्यातच टायपिंग जायचं, क्लिक करायची गरज नाही, ही पद्धत युनिक्सवाल्यांच्या (युनिक्स म्हणजे लिनक्सची पूर्वज प्रणाली) हाताला इतकी बसली की विंडोजवर आल्यावर ते पहिले काही दिवस भलत्याच विंडोत टाइप करत राहतात. मॅकवर मात्र ही पद्धत नीट बसवणं जवळपास अशक्य. विंडोपासून माथ्यावरच्या मेनूकडे जाताना बाण वाटेतल्या दुसऱ्या विंडोवरून जाणार, ती जागी होणार आणि पोचेपर्यंत वर मेनूच दुसऱ्या प्रोग्रॅमचा असणार. लिसाच्या वेळी हलवलेल्या एका पट्टीने हे दार कायमचं बंद करून टाकलं.

लिनक्सच्या जगात बटणांवरूनही रणं पेटली. २०१० मध्ये उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय अवताराने विंडोची बटणं डावीकडे नेली, तेव्हा संतापाची लाट आली, आणि २०१७ मध्ये ती पुन्हा उजवीकडे आली. २०११ च्या ग्नोम ३ या लिनक्सवरच्या डेस्कटॉपने मिनिमाइजचं बटणच काढलं: टास्कबार नाही, तर विंडो लहान होऊन जाणार कुठे? युक्तिवाद बिनतोड होता, तरी लोकांना बटण हवंच होतं. फरशीवाले मात्र कुठे गेले नाहीत. डीडब्ल्यूएम, एक्समोनॅड, आय३ अशा विंडो मॅनेजरांमध्ये ते अजून माउसला हात न लावता स्क्रीन वाटून घेतात.

आजचा मॅक खरं तर १९८४ च्या मॅकचा दत्तक मुलगा. स्टीव्ह जॉब्स यांनी ॲपलबाहेर काढलेल्या नेक्स्ट कंपनीची प्रणाली डॉक घेऊन आली होती आणि तिच्यात बंद करायची फुली १९८९ पासून उजव्या कोपऱ्यात होती. डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने नेक्स्ट विकत घ्यायचं ठरवलं, मार्च २००१ मध्ये मॅक ओएस टेन बाजारात आली. डॉक नेक्स्टचा राहिला, मेनू मॅकच्या जागी आणि सिग्नलसारखी तीन रंगीत बटणं डावीकडे. जानेवारी २००० च्या पहिल्या प्रात्यक्षिकात उजवीकडे एक जांभळं बटणही होतं. ते दाबलं की एका वेळी एकच विंडो दिसे. बाजारात येईपर्यंत ते गेलं. हिरवं बटण कितीतरी वर्षं विंडो मजकुराच्या मापाची करत असे, पूर्ण स्क्रीनभर नाही, आणि विंडोजवाले त्याला बिघडलेलं मॅक्सिमाइज समजत. २०१४ पासून ते विंडो स्क्रीनभर करतं, पण मेनूही लपवतं, त्यामुळे तक्रार आहेच.

ऑल्ट-टॅबचंही असंच. विंडोजमध्ये तो विंडोंमधून फिरवतो, मॅकवर कमांड-टॅब प्रोग्रॅमांमधून. वर्डच्या तीन फाइली उघड्या असतील तर कमांड-टॅबला वर्ड एकदाच दिसतं. आतल्या फाइलींसाठी टॅबच्या वरची टिल्डची (~) कळ कमांडसोबत दाबावी लागते. टेबलं आणि कागद, तोच हिशेब.

विंडो स्क्रीनच्या कडेला ओढली की अर्धा स्क्रीन व्यापते, ही सोय विंडोज ७ मध्ये २००९ साली आली. मॅकवर ती २०२४ च्या सेकोया या आवृत्तीत पोचली, विंडोज १.० मधल्या फरशांनंतर जवळपास चार दशकांनी. विंडोज ९५ च्या आधी विंडोजमध्येही विंडो बंद व्हायची ती डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनावर डबल-क्लिक करून. तो चौकोन पुढे प्रोग्रॅमचं छोटं चिन्ह झाला. टायटल बारच्या (विंडोच्या माथ्यावरच्या नावाच्या पट्टीच्या) डाव्या टोकाला असं चिन्ह असलेली विंडो आज उघडा आणि त्यावर डबल-क्लिक करा: ती बंद होते. मॅकची सवय लागून विंडोजवर परतलेल्या हाताला निदान तेवढा आधार आहे.