मुंबईची पूर इशारा प्रणाली (आयफ्लोज-मुंबई)

मुंबईत पाणी कुठे, किती आणि केव्हा तुंबेल, याचा ६ ते ७२ तास आधी अंदाज देणारी व्यवस्था. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि बृहन्मुंबई महानगरपालिका यांनी मिळून उभारलेली ही प्रणाली १२ जून २०२० रोजी सुरू झाली.

तिची निकड २६ जुलै २००५ च्या प्रलयाने पटवली. त्या दिवशी २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला मात्र जेमतेम ७४. साऱ्या शहराला मिळून एकच अंदाज देणे अशा दिवशी निरुपयोगी ठरते. त्यातच मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटी असतानाच, वाहून नेण्याच्या बेताने बांधलेल्या होत्या. नाले समुद्राला मिळतात ती बहुतेक पातमुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला बाहेर जायला वाटच उरत नाही. म्हणून या शहरात पावसाच्या आकड्याइतकेच भरतीच्या वेळेला महत्त्व आहे.

आयफ्लोजमध्ये हे दोन्ही हिशेब एकत्र मांडले जातात. पावसाचा अंदाज, पर्जन्यमापकांच्या नोंदी, जमिनीचे चढउतार, नाल्यांची वहनक्षमता, भरतीची उंची आणि मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्यांची पात्रे यांवरून कोणत्या भागात किती पाणी चढेल हे काढले जाते. विहार आणि पवई तलाव भरून वाहू लागले की ते पाणी मिठीत उतरते, त्यामुळे तलावांची पातळीही विचारात घ्यावी लागते. पुढचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो : त्या पाण्याच्या वाटेत कोणत्या वस्त्या आणि सुविधा येतात, हेही प्रणाली विभागवार दाखवते. आपत्कालीन यंत्रणेला मिलिमीटरपेक्षा हेच आधी कळायला हवे.

पाणी ओसरायला मात्र नालेसफाई आणि उदंचन केंद्रेच लागतात. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला आणि गझदरबंध येथील पंप भरतीच्या वेळी पाणी समुद्रात फेकतात. बशीसारख्या सखल हिंदमाता परिसरासाठी परळ-दादर भागात भूमिगत टाक्या बांधल्या आहेत. साचलेले पाणी ओहोटीपर्यंत त्यांत साठवून ठेवता येते.

आरोग्यासाठीही पाणी कुठे साचले ही माहिती तितकीच गरजेची असते. २००५ च्या पुरानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. उंदीर व इतर प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, विशेषतः पायावरच्या जखमेवाटे, हे जंतू शरीरात शिरतात. तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे आवाहन महापालिका पावसाळ्यात करते.