रँग्लर

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या गणितातील ऑनर्स परीक्षेत, म्हणजे मॅथेमॅटिकल ट्रायपॉसमध्ये, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला विद्यार्थी. दुसऱ्या वर्गातल्यांना सीनियर ऑप्टिमे व तिसऱ्या वर्गातल्यांना ज्युनियर ऑप्टिमे म्हणतात. रँग्लर ही पदवी नाही, अध्यापकाचे पद तर नाहीच. दरवर्षी असे अनेक रँग्लर होतात. मराठीत मात्र हा शब्द नावाआधी आयुष्यभरासाठी चिकटला.

शब्दाचे मूळ वादविवादात आहे. पूर्वी केंब्रिजची परीक्षा तोंडी आणि लॅटिनमध्ये होई. उमेदवाराने एखादे विधान मांडायचे आणि इतरांनी ते खोडून काढायचे. अशी हुज्जत घालणारा तो रँग्लर. ‘ट्रायपॉस’ हे नावही ज्या तिपाईवर बसून एक पदवीधर या वादात थट्टामस्करी करी, तिच्यावरून पडले, असे सांगतात. अठराव्या शतकापासून लेखी परीक्षेने हळूहळू तोंडी वादाची जागा घेतली, गुणानुक्रमाच्या याद्या निघू लागल्या आणि यादीतला पहिला ‘सीनियर रँग्लर’ देशभर गाजू लागला.

या शर्यतीने एकोणिसाव्या शतकातले विद्यार्थिजीवन घडवले. १८५४ मध्ये परीक्षा आठ दिवस चालली : १६ प्रश्नपत्रिका, एकूण साडेचव्वेचाळीस तास, आणि तेही सिनेट हाउस या विद्यापीठाच्या सभागृहात, जानेवारीच्या थंडीत. कॉलेजातली व्याख्याने यासाठी पुरत नसत. खरी तयारी खाजगी शिकवण्यांमध्ये होई. विल्यम हॉपकिन्स या शिक्षकाला ‘सीनियर रँग्लर घडवणारा’ म्हणत. त्याच्यानंतर एडवर्ड राउथने वीसहून अधिक सीनियर रँग्लर तयार केले. राउथ स्वतः १८५४ चा सीनियर रँग्लर; त्या वर्षीचा दुसरा होता पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून गाजलेला जेम्स क्लार्क मॅक्सवेल. हुशार मुले सकाळी गणिते सोडवीत आणि दुपारी नदीवर वल्ही मारीत किंवा मैलोन्‌मैल चालत. शरीर टिकले तरच डोके टिकेल, असा हिशेब होता. पहिल्या काही क्रमांकांना बहुधा कॉलेजची फेलोशिप, म्हणजे वेतनासह सदस्यत्व, मिळे आणि पोटाची चिंता मिटे. ऑनर्स मिळवणाऱ्यांतल्या शेवटच्याला सोबती लाकडी चमचा देत. तो पुढे वल्ह्याएवढा लांब झाला आणि पदवीदानाच्या वेळी सज्जातून दोरीने खाली सोडला जाऊ लागला.

पहिला आला म्हणजे सगळे मिळाले, असे मात्र नव्हते. १८६९ चा सीनियर रँग्लर न्यूमा हार्टॉग ज्यू असल्याने फेलो होऊ शकला नाही. धर्माची ही अट १८७१ च्या कायद्याने गेली. १८९० मध्ये न्यूनम या स्त्रियांच्या कॉलेजच्या फिलिपा फॉसेटने सीनियर रँग्लरपेक्षा जास्त गुण मिळवले. स्त्रियांची यादी वेगळी वाचली जाई, म्हणून तिचे स्थान ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असे जाहीर झाले. पदवी मात्र तिला नाही.

पहिले भारतीय रँग्लर आनंद मोहन बोस (१८७४). सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय मात्र रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. सेंट जॉन्स कॉलेजमधून १८९९ मध्ये त्यांनी हा मान बर्टविसल या विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळवला. परतल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि ‘रँग्लर परांजपे’ हे जणू त्यांचे पूर्ण नावच बनले. पुढे ग. स. महाजनी आणि विष्णु वासुदेव नारळीकर हेही रँग्लर म्हणून ओळखले गेले. विष्णु वासुदेवांचे पुत्र, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, यांनीही केंब्रिजमध्ये हेच यश मिळवले. १९६० मध्ये त्यांना खगोलशास्त्रासाठीचे टायसन पदक मिळाले.

परांजप्यांनंतर दहाच वर्षांनी ही शर्यत बंद झाली. क्रमांकांच्या हव्यासापायी खरे गणित मागे पडते, अशी तक्रार वाढली होती. ती करणाऱ्यांत स्वतः चौथा रँग्लर असलेला गणितज्ञ जी. एच. हार्डी आघाडीवर होता. १९०९ नंतर प्रत्येक वर्गातील नावे वर्णानुक्रमे लागू लागली. शेवटचा कोण हेच कळेनासे झाल्यावर लाकडी चमचाही थांबला. अखेरचा चमचा सेंट जॉन्सच्याच विद्यार्थ्याला मिळाला.

परांजप्यांची कन्या शकुंतला हिने न्यूनममध्ये राहून गणिताचीच ट्रायपॉस दिली (१९२९). तेव्हाही स्त्रियांना पदवी नावापुरतीच मिळे. विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व त्यांना १९४८ मध्ये मिळाले.